बांधापलीकडचा खड्डा

लग्न होऊन मी जालन्याजवळच्या मळ्यात आले, तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. शहरात नवी घरं उठत होती आणि विटांना माती लागत होती. आमच्या शेजाऱ्यानं आपली नदीकाठची माती वीटभट्टीला विकली. बघता बघता त्याच्या शेताचा माणूस बुडेल एवढा खड्डा झाला आणि तो आमच्या बांधाला येऊन भिडला.

पाऊस लागला की आमची कड ढासळायची. धप्प आवाज आला की सासूबाई हातातलं टाकून बांधाकडं पळायच्या. एकदा मी वांगी तोडत होते. पायाखालची जमीन हलली. मागं सरले तोवर पुढची सरी झाडांसकट खाली गेली. मी तेव्हा पोटुशी होते.

त्याच आठवड्यात भट्टीवाला आला. "तुमची माती तसंबी ढासळून राह्यली. देऊन टाका की!" सासरे त्याला "बघतो" म्हणाले. त्या "बघतो"चीच मला जास्त धास्ती वाटली. रेल्वेनं बाहेरचं माळवं येत होतं आणि आमच्या भाजीच्या पाट्या बाजारातून तशाच परत येत होत्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मला घेऊन पेठेत गेल्या. एका मारवाडी घरी त्या पूर्वीपासून भाजी घालायच्या. तिथल्या शेठाणीबाईंनी माझ्याकडं बघून विचारलं, "सुनबाई एवढी का भ्याली?"

सासूबाईंनी सगळं सांगितलं.

"मळा गेला तर आम्ही ताजी मेथी कुठली खायची?" शेठाणीबाई म्हणाल्या. "उद्यापासून रोज इथंच या. गल्लीतल्या बायांना मी सांगते. फक्त कांदा-मुळा आणू नका, आमच्यात चालत नाही. पण बराबर याल ना?"

"येऊ की! न्हाई कशाला म्हणू?" सासूबाई म्हणाल्या.

गल्लीतल्या बाया खरंच वाट बघू लागल्या. सासऱ्यांनी भट्टीवाल्याला नाही म्हणून सांगितलं, कडेला दगड रचले, घायपात लावला. ढासळणं कमी झालं. भीती मात्र गेली नाही. पलीकडची शेतं एकेक करून भट्टीला गेली आणि खड्ड्यांत हिरवं पाणी साठलं. माझी लेक चालायला लागली, तेव्हा खुरपताना मी तिच्या कमरेला लुगड्याची चिंधी बांधून तिला बाभळीला अडकवायची. ती रडायची, हात पुढं करायची. मी सोडत नसे.