पोहेकाकींना फसवायचं होतं

पोहेकाकींसमोर खुनाची गोष्ट वाचायला बसलं, की प्रेत सापडायच्या आत त्या खुनी सांगायच्या. थापा मारत नाही, माझ्याच बाबतीत झालंय. "डॉक्टर हसतमुखाने दिवाणखान्यात आले," एवढंच मी वाचलं होतं, तर काकी पोहे निवडता निवडता म्हणाल्या, "ह्यानंच मारलाय. पुढं वाच." अहो, अजून कुणी मेलंच नव्हतं!

पेणला त्यांची पोह्यांची गिरणी होती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्यांनीच चालवलेली. शिक्षण सातवी. भट्टीपासून जरा लांब त्यांची खुर्ची आणि मांडीवर वाचनालयातली रहस्यकथा. पुस्तक परत गेलं की पानापानांतून कोंडा सांडायचा. शेवटचं प्रकरण आलं, की काकी पुस्तक मिटायच्या आणि पोहे पाखडणाऱ्या बायकांना तोवरची गोष्ट सांगायच्या. आपला खुनी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून चिठ्ठी अधोलीच्या मापाखाली ठेवायच्या. मग बायका आपापला खुनी सांगणार, त्यावरून कडाकडा भांडणार, आणि सगळं झाल्यावर काकी शेवट वाचून चिठ्ठी उघडणार. त्यांचं उत्तर कधी चुकलं नाही, आणि तेच त्यांचं दुःख होतं.

"इतकी वर्षं वाचतेय, पण एक मेला मला फसवत नाय," त्या म्हणायच्या. "सुताराला सुतारकी शिकवतात. ह्या लिहिणाऱ्यांना कुणी का शिकवत नाय?"

बोलून गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. हायवेलगतची जागा विकली गेली, तेव्हा ते पैसे घेऊन त्या थेट विद्यापीठात गेल्या. रहस्यकथा लिहायला शिकवा म्हणाल्या. मुलगा घरी डोकं धरून बसला. "आई, लोकं देवळाला देतात गं!" तर म्हणाल्या, "देवळाला द्यायला अख्खा गाव हाय. ह्या लिहिणाऱ्यांना कोण हाय?" मराठी विभागातल्या एका सरांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, खून हा काय शिकवायचा विषय आहे का?" काकी म्हणाल्या, "कवितेतनं प्रेम शिकवताच ना? ते तरी कुठं कुणाला जमतंय?" सर हसले आणि तिथेच हो म्हणून बसले.

अभ्यासक्रम सुरू झाला, दर रविवारी. काकींनी आपलं नाव कुठे लावू दिलं नाही. पण अटी दोन घातल्या. तोंडी परीक्षा त्यांच्या गिरणीत व्हायची, बायकांसमोर. आणि पैसे तीनच वर्षं. तेवढ्यात एकाने तरी काकींना फसवलं, तर पुढेही देणार. नाहीतर दुकान बंद.

मी तेव्हा धाटावच्या कंपनीत शिफ्टला होतो. रोह्याच्या वाचनालयात नोटीस पाहिली आणि पहिल्याच वर्षी नाव घातलं. संपादकांकडून साभार परत आलेल्या गोष्टींचा माझ्याकडे गठ्ठा होता, आणि संपादकांना अक्कल नाही अशी माझी खात्री होती. ती खात्री गिरणीत उतरली. डॉक्टरवाल्या गोष्टीत नापास. दुसऱ्या वर्षी मोठ्या ऐटीत मिठागरावरचा खून घेऊन गेलो. मे महिना, बांधावर उमटलेली पावलं, मोठा पुरावा! ताईबाई म्हणून खाडीकडच्या एक होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं. "मे महिन्यात बांधावर पाय उमटतो व्हय रे? दगडासारखा होतो तो. मिठागर बघितलंस तरी का कधी?" सगळ्या बायका खो खो हसल्या. काकी तेवढ्या हसल्या नाहीत. "बघून ये आणि मग लिही," म्हणाल्या आणि जाताना पोह्यांची पुडी हातात दिली. नापास झालेल्या प्रत्येकाला ती मिळायची. आमच्या घरी त्या काळात पोह्यांना तोटा नव्हता.

तिसरं वर्ष आलं आणि हसणं पळालं. एकापाठोपाठ एक सगळे विद्यार्थी आपटले. शेवटचा उरलो मी. विभागातले चष्मेवाले सर, जे एव्हाना आमच्यापेक्षा जास्त रहस्यकथा वाचू लागले होते, मला म्हणाले, "बाबा रे, आता तुझ्या हातात." कंपनीतून सुटल्यावर दुसरं कुठलं ठिकाण मला माझं वाटत असेल, तर तो रविवारचा वर्ग होता.

या खेपेला मी बघून लिहिलं. दोन महिने सुट्टीच्या दिवशी एसटीने पेणला जायचो आणि गिरणीत नुसता बसायचो. गोष्ट गिरणीचीच केली. मालकाचा खून होतो. संशय भट्टीवाल्यावर, पुतण्यावर, भांडकुदळ गिऱ्हाइकावर. खरा खुनी तोलाईवाला. दिवसभर गिरणीतच होतो म्हणतो, पण त्याच्या पायाला कोंडा नसतो. हे वाक्य मी गिरणीच्या वर्णनात असं दडवलं होतं, की माझं मलाच कौतुक वाटत होतं.

शेवटाआधी थांबलो. काकींनी चिठ्ठी लिहून मापाखाली सरकवली. बायकांनी पुतण्याला धरलं, दोघीतिघींनी भट्टीवाल्याला. ताईबाई चक्क गप्प. मी शेवट वाचला. काकींनी माप उचललं, चिठ्ठी उघडून पाहिली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ती कनवटीला खोचली.

"हरले गो बायांनो!" त्या ओरडल्या. "फसवलं मला मेल्यानं!"

काय तो गलका! सरांनी मला मिठी मारली. पोह्यांची पुडी मिळाली नाही म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा आनंदलो. अभ्यासक्रम चालू राहिला. माझं पहिलं पुस्तक निघालं. पुढे त्याच वर्गावर मी शिकवायलाही लागलो. काकी भेटल्या की लोकांना सांगायच्या, "हाच तो, मला फसवणारा," आणि मी लाजल्यासारखं करून छाती फुगवायचो.

काही वर्षांनी काकी गेल्या. दहाव्याला गेलो, तर ताईबाईंनी मला बाजूला बोलावलं आणि पदराच्या गाठीतून एक चिटोरा काढला. घामाने मऊ पडलेला, पण अक्षर काकींचंच.

"तोलाईवाला. पायाला कोंडा नाय. पोरगा बघून आला."

मी चिटोरा उलटून पालटून पाहिला.

"त्याच दिवशी मला दिलीन ठेवायला," ताईबाई म्हणाल्या. "म्हणाली, मी गेल्यावर दे त्याला. आत्ता दिलीस तर वर्ग बंद पडंल."

"म्हणजे तुम्हालाही तेव्हा माहीत होतं?"

"सगळ्यांनाच व्हतं रे. कोंडा नसलेला पाय आमच्यापासून लपतोय व्हय? काकीनं डोळ्यानं दटावलं, म्हणून पुतण्याचं नाव घेतलं बायांनी. मला खोटं जमत नाय, म्हणून मी गप बसले."

सगळ्या गिरणीने मिळून मला फसवलं होतं. चिठ्ठी कनवटीला गेली, रोज बोलणाऱ्या ताईबाई गप्प राहिल्या, सगळा पुरावा माझ्या नाकासमोर होता आणि मी, रहस्यकथा लिहिणारा शहाणा, "चिठ्ठी दाखवा" एवढंसुद्धा म्हणालो नव्हतो. हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. निघताना ताईबाईंनी हातात काहीतरी ठेवलं.

पोह्यांची पुडी होती.