टिचबटणांचा शर्ट

मास्तरांच्या दुकानाला दुकान म्हणायचं ते केवळ त्यांना बरं वाटावं म्हणून. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली चार फूट जागा, एक स्टूल, एक टेबल आणि मान मोडल्यासारखा वाकलेला दिवा. गिऱ्हाइकाला आत यायचं असेल तर मास्तरांना बाहेर यावं लागे. तिथे बसून त्यांनी एकतीस वर्षं रफू केलं. नुसतं रफू. कुणी "जरा पँटची उंची कमी करून द्या" म्हणालं, की हाडाच्या डॉक्टरकडे केस कापायला आलेल्या माणसाकडे बघावं तसे ते बघत.

रफूला बाहेरचं सूत वापरायचं नाही, हा त्यांचा कायदा. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा काढायचा आणि भोकावर उभा-आडवा विणायचा. विणताना अधूनमधून ते डोळे मिटून घेत आणि बोटाच्या टोकाने वीण चाचपत. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. चष्म्याचा नंबर दर वर्षी बदलतो, बोटाचा बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला सापडलं नाही, की त्यांचा दिवस सोन्याचा. एकदा एका वकिलाने "तुम्ही काम केलंच नाही" म्हणून तासभर वाद घातला. तेव्हापासून मास्तर रफूच्या जागेभोवती खडूने गोल काढून कपडा देऊ लागले.

माझ्या राखाडी कोटावर इस्त्री राहिली आणि कोपराजवळ भोक पडलं, म्हणून तो मी त्यांच्याकडे टाकला. त्याच आठवड्यात मास्तर इस्पितळात दाखल झाले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आतड्याचा तेवढा तुकडा कापून उरलेलं जोडलं. पोटावरचे टाके मास्तरांनी आरशात बघितले आणि "चालेल" एवढाच शेरा दिला.

पण दिसत होतं तेवढंच काढलं होतं. न दिसणारं कुठे उरलं असेल तर ते मारायला दर पंधरा दिवसांनी एक, अशा बारा वेळा औषधं द्यायची ठरली. त्यांच्या बायकोचे, म्हणजे वहिनींचे, गुडघे जिने चढू देत नाहीत, म्हणून सोबतीला शेजारचा मी. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं.

"पेशीच्या आत दोन पदरी धागा असतो, काका. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी तो उकलावा लागतो, मग त्याची नक्कल निघते. हे जे औषध आहे, ऑक्झालिप्लॅटिन, त्यात प्लॅटिनम असतं. ते त्या धाग्याला जागोजागी गाठी मारतं. धागा उकलत नाही, नक्कल निघत नाही, पेशी मरते."

मास्तर पुढे सरकून बसले. धाग्याची गोष्ट निघाली होती. "पण औषधाला कळतं कसं, रोगाचा धागा कुठला?"

"कळत नाही. जी पेशी घाईघाईने वाढते तिला जास्त मार बसतो. कॅन्सरची पेशी घाईची. पण रक्त तयार करणाऱ्या, तोंडातल्या, आतड्यातल्याही घाईच्याच. म्हणून मळमळेल, जुलाब होतील, रक्तातल्या पेशी कमी होतील. ताप आला तर घरी वाट बघत बसायचं नाही, तडक इथे यायचं. आणि हे औषध नसांना त्रास देतं. बोटांना मुंग्या येतील, गार वस्तू झोंबेल. चार दिवसांत गेलं तर ठीक. टिकलं तर मला सांगायचं. मग कमी करू, वेळ पडली तर थांबवू."

त्यातला शेवटचा शब्द तेवढा मास्तरांनी घरी नेला.

"तुमच्या अंगात प्लॅटिनम," वहिनी म्हणाल्या, "आणि माझ्या गळ्यात काय?"

"तुला हवं तर सलाईनच्या नळीची साखळी करून देतो."

तिसऱ्या वेळेनंतर कात्री हातात घेतली की झटका बसल्यासारखं होऊ लागलं. मास्तरांनी कात्रीच्या मुठीला फडकं गुंडाळलं आणि बाईंना कळू दिलं नाही. चौथ्या वेळेनंतर मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारत, "मुंग्या?" मास्तर म्हणत, "होत्या, गेल्या." मग त्या म्हणत, "शर्टाचं बटण काढून लावून दाखवा." बोटं कितपत शाबूत आहेत ते त्यावरून कळतं म्हणे.

पाचव्या वेळेला मास्तरांनी पांढऱ्या शर्टाची बटणं भराभर काढून लावून दाखवली. बाई खूश झाल्या. नळी लागल्यावर मास्तरांनी मला जवळ बोलावलं आणि शर्टाची कड हळूच उलटून दाखवली. काजं बंद करून टाकलेली. बटणं वरून नुसती टाचलेली, शोभेची. खाली प्रत्येकाच्या मागे एकेक टिचबटण. दाबलं की लागलं, ओढलं की निघालं. असे दोन शर्ट त्यांनी आठ दिवस खपून केले होते.

"अहो, पण सांगायचं सोडून हे काय?"

"सांगितलं तर थांबवतील. अर्धं रफू उसवलं की भोक आधीपेक्षा मोठं होतं, हे मला नका शिकवू. बोटं गेली तर जाऊ देत. माणूस उरला पाहिजे."

बंद केलेली काजं मी दिव्याजवळ धरून शोधली, सापडली नाहीत. मी हसलो, दादही दिली. बाई चार पावलांवर उभ्या होत्या. मला सांगता आलं असतं.

दहाव्या वेळी मास्तरांना खोकला होता. छाती तपासायची म्हणून सिस्टरने घाईत शर्टाला हात घातला आणि टिच, टिच, टिच करत तो सबंध उघडला. बाईंनी शर्टाची कड उलटून पाहिली. कापसाचा बोळा घेतला, मास्तरांना डोळे मिटायला सांगितले.

"कुठल्या बोटाला लागलं ते सांगा."

मास्तर डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "लावा की."

पाचही बोटांना लावून झालं होतं.

"तुम्हाला दोन औषधं चालू आहेत, काका," बाई म्हणाल्या. "हे एक मी केव्हाच कमी केलं असतं, मग थांबवलं असतं. दुसरं चालूच राहिलं असतं. फायद्यात फारसा फरक पडला नसता."

"फारसा म्हणजे?"

"जवळजवळ नाहीच."

मास्तर हात मांडीवर ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "शर्टाचं कळलं नव्हतं ना तुम्हाला? पाच वेळा बघून?"

"नाही कळलं."

"मग काम बरोबर झालं होतं."

ते त्यांच्या हातचं शेवटचं काम. औषध थांबवलं तरी बोटं आणखी बधिर होत गेली. काही महिने असं होतं, हे बाईंनी सांगितलंच होतं. पुढे सुधारतं कधीकधी, असंही सांगितलं होतं. सुधारलं नाही. एका सकाळी त्यांनी दुकानातून घरी आणलेला, रफू राहिलेला माझा कोट काढला, डोळे मिटले आणि भोक चाचपू लागले. सापडेना. डोळे उघडून, चष्मा लावून सुई चालवायला बसले. वहिनी चहा घेऊन आल्या.

"अहो, रक्त."

"कुणाचं?" मास्तर म्हणाले. सुई तर्जनीत रुतलेली होती.

वर्षाच्या आत यकृतात दोन डाग निघाले. डॉक्टरीणबाईंनी आता वेगळं औषध सांगितलं. रोग जाणार नाही, काही महिने थोपून राहील. केस जातील, जुलाब होतील.

"ह्याने बोटं जातात?"

"नाही."

"मग आधी हेच का नाही दिलं?"

"ऑपरेशननंतर ह्याचा उपयोग होत नाही, काका."

"आणि त्याचा झाला?"

बाईंनी नव्या औषधाचं नाव कागदावर लिहिलं.

परवा मास्तरांनी मला घरी बोलावलं. अंगात तोच पांढरा शर्ट होता. आता कुणाला दाखवायचा नाही, पण साध्या शर्टाची बटणं त्यांना लावता येत नाहीत. बटण लागलं की नाही हे बोटाला कळत नाही, टिच असा आवाज कानाला येतो. तो आला की ते पुढच्या बटणाकडे जातात. त्यांनी कोट माझ्या हातात दिला. वहिनींनी रक्त धुऊन काढलं होतं. भोक होतं तसंच होतं. त्याच्याभोवती खडूने गोल काढला होता, जरा वाकडा.

"सापडलं ना?" मास्तरांनी विचारलं.

"सापडलं," मी म्हणालो.

"मग वाद नको," ते म्हणाले आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला.