सप्टेंबरातले अंदाज
मशीनच्या करपट कॉफीचा वास आला की प्लेनोतलं ते हॉस्पिटल आठवतं. वेळेआधी जन्मलेली आमची मुलगी काचेच्या पेटीत होती आणि डॉक्टर काहीच सांगत नव्हते. बाहेर टीव्हीवर अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या नुकत्याच सुरू झालेल्या सीझनमध्ये कुठली कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेज-टीमांचा कुठला गट भारी, यावर तज्ज्ञ भांडत होते. मला एवढंच ठाऊक की चेंडू गोल नसतो. तरी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, “कमजोर कोण?” “सप्टेंबरात कुणालाच कमजोर म्हणू नये, पोरा. नोव्हेंबरात बघ.” मी तडक आत जाऊन बायकोला तेच सांगितलं. “डॉक्टर म्हणाले?” “चांगले जाणकार आहेत,” मी म्हटलं. तेव्हा कुठे ती दोन घास जेवली. आता मुलगी कॉलेजात आहे. सप्टेंबरात तिने एखाद्या टीमला वीक म्हटलं की मी खवळतो. “बाबा, चिल. इट्स जस्ट फुटबॉल.”