डावीकडचं दार: लोणारला जाताना मेहकरचा मुक्काम

लोणारचं सरोवर बघायचं, असं आम्ही तीन वर्षं नुसतं म्हणत होतो. शेवटी जानेवारीत मी आणि नवरा नाशिकहून समृद्धी महामार्गाने निघालो आणि मेहकरला उतरलो. हॉटेलपेक्षा स्वस्त, वर स्वयंपाकघर, म्हणून दोन दिवसांसाठी एका अपार्टमेंटमधला फ्लॅट ॲपवरून घेतला. तुम्हीही घेणार असाल, तर आधी हे वाचा.

मालक पुण्याला. त्याचा मेसेज होता: दुसरा मजला, डावीकडचं दार, किल्ली मीटरच्या पेटीत. नवरा गाडी लावत होता, लिफ्ट बंद, मी जिन्याने चढले. समोरासमोर दोन दारं, नंबर कुठेच नाही. डावीकडच्या कुलपात किल्ली घातली, ती फिरेना. मी दार गदागदा हलवलं. आत काहीतरी जड सरकलं आणि एक बाई किंचाळली, "कोन व्हय? पोलिसाले फोन लावते!"

मी किल्ली काढून मागे सरले, तेव्हा कुठे कळलं. मालकाचं डावं लिफ्टमधून येणाऱ्याचं होतं, जिन्याने येणाऱ्याचं नव्हे.

मी दहादा माफी मागितली, तेव्हा दार बोटभर उघडलं. साठी उलटलेल्या कमलकाकू, घरात एकट्याच. दाराला लोखंडी पलंग लावलेला.

"दर आठवड्याले नवे लोक येतात अन् माह्यंच कुलूप खटखट करतात," त्या म्हणाल्या. "कोन चांगलं, कोन वाईट, मले कसं समजाव?"

"कुणाला सांगितलं नाही का?"

"सेक्रेटरी म्हनते, मालकाले सांगा. मालक म्हनते, सोसायटीले सांगा. पोलीस म्हनतात, काई झालं का? म्हंजे काई झाल्यावरच जाव का?"

मी मालकाला फोन लावला, तर तो मलाच म्हणाला, "गेस्टनी नीट बघायला नको का?" अहो, भाडं ज्याच्या खिशात, निस्तरायचं त्यानेच! भांडल्यावर 'दारावर नंबर लावतो' म्हणाला.

लोणार सुंदर आहे. सकाळी लवकर जा, पाणी न्या, वर येताना दम लागतो. भाकरी-ठेचा झकास मिळाला. पण परतताना जिन्यातूनच मी ओरडायचे, "काकू, मी हो, नाशिकची!" निघताना त्यांना माझा नंबर दिला.

काल दुपारी मी घरी पोळ्या लाटत होते आणि काकूंचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"ताई, कोनतरी किल्ली फिरवून राह्यलं. मालक फोन उचलत नाई. मी स्पीकर लावते, तुमी मोठ्यानं बोला. घरात मानसं हायेत असं वाटलं पायजे."

नाशिकच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी ओरडले, "कोण आहे? तुमचं दार समोरचं!" नवरा धावत आला, त्यालाही ओरडायला लावलं. खटखट थांबली. मग काकूंचं रडणं ऐकू आलं.

दारावर नंबर अजून लागलेला नाही. तक्रार कुणी ऐकायची हे ठरेपर्यंत मेहकरच्या त्या घरात आम्ही दोघं फोनवरून राहतोय, आणि फोन वाजला की मी लाटणं ठेवून आधी नवऱ्याला हाक मारते.