खरी गोळी, खोटी गोळी

ती केस मला अजूनही काल घडल्यासारखी आठवते, आणि गंमत म्हणजे तिची नोंद गुन्हे रजिस्टरमध्ये शोधूनही सापडणार नाही. निवृत्त झाल्यापासून जो भेटतो तो खून-दरोड्याच्या गोष्टी विचारतो. मी मात्र ही गोळ्यांची गोष्ट सांगतो. आमच्या खात्यातल्या गोळ्या नव्हेत, औषधाच्या.

मी तेव्हा लालबाग-परळ पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात गुन्ह्यांचा निरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी आटोपून चहाला बसतो न बसतो तोच एक डॉक्टर लेखी तक्रार घेऊन आले. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर त्यांचं संशोधन चाललं होतं. बारा महिने ऊन असलेल्या मुंबईत माणसांच्या रक्तात हे जीवनसत्त्व इतकं कमी का, आणि आठवड्याला एक गोळी दिली तर त्यांची हाडंदुखी, थकवा खरंच कमी होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. एका जुन्या चाळीतली माणसं राजीखुशीने त्यात सामील झाली होती. अर्ध्यांच्या बाटलीत औषधाची गोळी, अर्ध्यांच्या बाटलीत हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. ते सगळं गुपित बाहेरच्या देखरेख समितीकडे.

मधल्या रक्ततपासणीत समितीला घोळ दिसला. ज्यांना बिनऔषधी गोळी होती त्यांचंही जीवनसत्त्व वाढलेलं, आणि खऱ्या गोळीवाल्यांचं अपेक्षेच्या निम्मंच वाढलेलं. डॉक्टरांचा निष्कर्ष साधा होता: बाटल्यांतला माल कोणीतरी बदलतंय आणि खऱ्या गोळ्या बाहेर विकतंय. औषधाच्या कपाटाची किल्ली एकाच व्यक्तीकडे होती. ती म्हणजे घरोघरी बाटल्या पोचवणारी त्यांची आरोग्यसेविका, पंचविशीतली मुलगी. आजच्या आज गुन्हा दाखल करा, असा त्यांचा आग्रह. माणूस तापट होता, पण खोटा नव्हता. सगळ्या कष्टांवर पाणी फिरताना दिसलं की कोणीही तापेल.

मी गुन्हा दाखल न करता आधी अर्ज चौकशी लावली. तिसऱ्याच दिवशी हवालदाराने खबर आणली. चाळीखालच्या इस्त्रीवाल्याला तसलीच गोळी घेताना नाक्यावरच्या चहावाल्याने पाहिलं होतं. इस्त्रीवाल्याचं नाव संशोधनाच्या यादीत नव्हतं. मग त्याच्याकडे गोळी आली कुठून? त्याला बोलावलं तर त्याने हात जोडले, "साहब, मेरा नाम मत लेना," एवढंच म्हणाला आणि तोंडाला कुलूप लावलं. आता माल बाहेर जातोय हे उघड होतं. माझाही संशय मुलीवर पक्का व्हायला लागला.

तिला दिवसाउजेडी बोलावलं, महिला अंमलदाराला शेजारी बसवलं. वडील सोबत आले होते. गिरणी बंद पडल्यावर ते कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले होते. ते बाहेरच्या बाकावर तिचा जेवणाचा डबा मांडीवर धरून बसले. तिची निवड एका सरकारी इस्पितळात कायम नोकरीसाठी झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात येणार होता. गुन्हा दाखल झाला असता तर ती नोकरी गेलीच म्हणून समजा. हे तिलाही ठाऊक होतं आणि त्या बाकावर बसलेल्या माणसालाही.

मी फिरवून फिरवून तेच प्रश्न विचारले. बाटल्या कोण भरतं, सील कोण तोडतं, किल्ली रात्री कुठे असते. ती सरळ उत्तरं देत होती. सील घरी पोचेपर्यंत शाबूत असतं, डॉक्टरांनी तेलकट जेवणानंतर गोळी घ्यायला सांगितलंय म्हणून चाळीतले सगळे रविवारी दुपारी घेतात, असं सगळं तिने सांगितलं. शेवटी तिनेच एक प्रश्न विचारला.

"साहेब, चाळीतल्या बायकांना पण इथे बोलावणार का?"

चोराला स्वतःची काळजी असते. माझं काय होणार, जामीन मिळेल का, पेपरात नाव येईल का, हे तो विचारतो. हिला दुसऱ्यांचीच काळजी लागली होती. ते माझ्या मनाला खटकलं.

दुसऱ्या दिवशी मी गणवेशात चाळीत गेलो. दारं अर्धी उघडली, अर्धी लागली. ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर: "आम्ही आमच्या बाटलीतली गोळी घेतो." वरच्या मजल्यावर तेच, खाली तेच, शब्दही तेच. इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकलो होतो. दहा माणसं खरं बोलली तर दहा जणांचं थोडंथोडं वेगळं येतं. एकसारखं आलं की समजावं, आधी बैठक झालेली आहे. पण कोण कोणाला वाचवतंय ते काही उमगेना. वरिष्ठांनी आठवडाभरात निर्णय घ्या म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांचे फोन चालूच होते.

रविवारी दुपारी मी साध्या शर्टात पुन्हा गेलो, खोली भाड्याने मिळेल का म्हणून विचारायला. गणवेश उतरला की माणूस कोणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या मजल्यावर मालवणकडच्या एका आजींनी मला खोलीच्या चौकशीवरून गावाच्या चौकशीवर नेलं आणि जेवायच्या वेळी आलेला माणूस तसाच जातो कसा म्हणून पाटावर बसवलं. कोंबडीचा रस्सा आणि वडे होते. कामावर असताना खाऊ नये हे मला कळत होतं, पण आजींपुढे माझं काही चालेना.

जेवण झालं आणि गॅलरीत हालचाल सुरू झाली. पलीकडच्या टोकाला बौद्ध कुटुंबं राहत होती, तीही आली. सगळी दारासमोर जमली. आजींनी फळीवरून लाडवाचा पितळी डबा काढला आणि बडीशेप वाटावी तशी प्रत्येकाच्या हातावर एकेक गोळी ठेवत गेल्या. खालून इस्त्रीवालाही आला. शेवटी माझ्यासमोर थांबल्या.

"घे रे बाबा. जेवणावर घेवची आसता. शेजारचो गावाक गेलो, त्याची उरली आसा."

ती गोळी माझ्या तळहातावर होती आणि अख्खी केस त्या तळहातावर सुटली होती. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथेच मोठ्याने हसलो. मग मी कोण आहे ते सांगितलं.

आजी घाबरल्या नाहीत. डबा छातीशी धरून म्हणाल्या, "अर्ध्यांका खरी नि अर्ध्यांका खोटी, ह्या काय बरा दिसता? एकाच माळ्यार रवतो आमी. प्रसादाचो लाडू कोणाक पोकळ देतत काय? म्हणून सगळ्यो एकत्र केल्यो."

म्हणजे डॉक्टरांनी पहिल्याच सभेत प्रामाणिकपणे सगळं समजावून सांगितलं होतं, आणि चाळीने त्यावर आपल्या पद्धतीने तोड काढली होती. सगळ्या बाटल्या त्या डब्यात ओतायच्या, मग कधी खरी येईल, कधी खोटी, पण कोणी कायमचा वंचित राहणार नाही. गावाला गेलेल्याचा वाटा वाया जाऊ नये म्हणून तो इस्त्रीवाल्याला. गोळी दुसऱ्याला देऊ नका असं मुलीने बजावलं होतं, म्हणून तिच्यापासून लपवायचं. पोलीस आल्यावर तर आणखीच लपवायचं. त्यामुळे तिच्यावरच बालंट येतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते मी सांगितलं तेव्हा मात्र आजींनी छातीशी धरलेला डबा माझ्यापुढे ठेवला.

सोमवारी डॉक्टरांना घेऊन पुन्हा चाळीत गेलो. आधी त्यांनी कपाळाला हात लावला. पण औषध आठवड्याला एकच जात होतं, कोणाला अपाय झालेला नव्हता, हे लक्षात आल्यावर तेही सैल झाले. आजींना खोट्या गोळीचं कारण मीच समजावलं. ओळख परेडमध्ये आम्ही संशयितासारखी दिसणारी माणसं शेजारी उभी करतो. साक्षीदाराला आधी काही सांगत नाही. त्यातून त्याने नेमका माणूस ओळखला तरच ती ओळख खरी. गोळीचंही तसंच, शेजारी खोटी उभी केल्याशिवाय खरीचा गुण सिद्ध होत नाही.

"म्हणजे तुमचा काम आमी नासवला," असं आजी डॉक्टरांना म्हणाल्या. डॉक्टरांनी हात जोडले आणि सांगितलं, ही चाळ आता अभ्यासातून वगळावी लागेल, पण ज्याच्या रक्तात कमी आहे त्या प्रत्येकाला खरी गोळी मिळेल. इस्त्रीवाल्याचंही रक्त तपासू.

त्याच दिवशी ठाण्यात येऊन त्यांनी तक्रार मागे घेतली, मी अर्ज निकाली काढला. मुलगी जबाबावर सही करायला आली तेव्हा मी विचारलं, तुला संशय होता ना? ती म्हणाली, एकदा आजींच्या खिडकीत सगळ्या चाळीच्या रिकाम्या बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या दिसल्या होत्या. "पण मी बोलले असते तर तुम्ही आजींना या खुर्चीत बसवलं असतं." खरं होतं ते. बसवलं असतंच.

नोकरीभर माझा समज होता की माणसं लपवतात ती घेतलेली वस्तू. इथे अख्खी चाळ दिलेली वस्तू लपवत होती, आणि एक मुलगी त्यांच्यासाठी आपली नोकरी पणाला लावून गप्प बसली होती. त्यानंतर कोणी गप्प बसलं की मी आधी विचार करायला लागलो, हा कोणाला वाचवतोय? या सवयीने पुढे मला बऱ्याचदा वाट दाखवली.

त्या सोमवारी मी बाहेर आलो तेव्हा तिचे वडील बाकावर तसेच बसले होते, डबा मांडीवर. मी म्हटलं, पोरीला घरी घेऊन जा. ते उठले. चेहऱ्यावर काही नव्हतं, इतके ते घाबरले होते.

"साहेब, परत कधी आणू?"

"आता आणायचं नाही," मी म्हणालो. "पडताळणीचा कागद आला की मीच सही करीन."

ते परत बाकावर बसले. मग त्यांनी डबा उघडला, आणि बापलेक तिथेच, ठाण्याच्या दारात जेवले.