आप्पांनी आधी पाहून ठेवलेला सिनेमा

भुताच्या सिनेमात दार कुरकुरायला लागलं की “अरे, कुणीतरी तेल घाला रे त्या बिजागरीला” असं म्हणणारी मी बाई. इथले जुने वाचक मला ओळखतात ते ‘या महिन्यात काय पाहिलं’ या माझ्या धाग्यामुळे. अमानवीय अनुभवांच्या धाग्यावर मी आजवर फक्त खोड्या काढायला आले आहे. तेव्हा आज मी इथे लिहितेय म्हटल्यावर तुम्ही हसणार. हसा. मीही हसलेच असते.

आधी नेहमीचं उरकते, नाहीतर मला चैन पडणार नाही. या महिन्यात एक हिंदी मारधाडपट पाहिला – नायक इतका ओरडतो की खलनायकाने कान दुखून शरणागती पत्करली असावी. एक पोलीस तपासाची मालिका पाहिली, आठ भागांची गोष्ट पाणी घालून घालून लांबवलेली. शेवटी खुनी सापडतो तेव्हा मयत कोण होतं हेच आपण विसरलेलो असतो. एक मराठी सिनेमा मात्र छान होता, साधा, घरातला... पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी. कारण चौथा जो पाहिला, त्यानेच मला या धाग्यावर आणून सोडलं.

आमचं घर नंदुरबारला, स्टेशनपासून रिक्षाने जवळच. मिरचीच्या दिवसांत गाडीतून उतरलात की पहिला ठसका फलाटावरच लागतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हसावदच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर इथे आले आणि त्यांना परदेशी सिनेमांचं वेड लागलं. खाली इंग्रजी अक्षरं येतात ते सिनेमे. आणि हे वेड त्यांनी माझ्या आईलाही लावलं. माय शाळेत फार गेलेली नाही, इंग्रजी तर तिला अक्षरसुद्धा येत नाही. पण “तथल्या बाया घरमा काय करतस, काय रांधतस” हे बघायला तिला फार आवडायचं.

तर पद्धत अशी होती. शनिवारी आप्पा सिनेमा एकटे बघून घ्यायचे. रविवारी दुपारी जेवणं झाली की तोच सिनेमा मायसोबत बघायचे आणि खालची वाक्यं तिला अहिराणीतून सांगत जायचे. परदेशी नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळ्यांची बारशी पुन्हा करायचे. “आयक वं, हाई मोठी बहीन शे, हिनं नाव आपन सखू ठेवू.”

आधी एकट्याने बघायचं कारण वेगळं होतं. मायला पडद्यावर कुणी मेलेलं सोसत नाही. दोन दिवस जेवण जात नाही तिला, मेलेला माणूस खोटा आहे हे माहीत असूनही. म्हणून आप्पा शनिवारी सगळी मढी हेरून ठेवायचे आणि रविवारी ती जिवंत करायचे. बुडालेला माणूस पोहत पलीकडे जायचा. गोळी लागलेला सुरतला कामाला जायचा. मी सुट्टीला घरी आले की बाजूला बसून खरी अक्षरं वाचत असायचे, आणि मला हसू फुटलं की आप्पा हळूच माझ्या गुडघ्यावर टिचकी मारायचे. गप्प बस म्हणून.

मागच्या वर्षी आप्पा गेले. तेव्हापासून मायने टीव्हीकडे पाठ केली – अगदी खरोखरची पाठ. बैठकीत तिची जागा कोचाजवळ होती, ती तिने दाराशी नेली, तोंड अंगणाकडे. भाकरी अर्धीच खायची. विचारलं तर हो-नाही एवढंच. मी नाशिकची नोकरी आता इथून, घरून करते, ती याचसाठी. डॉक्टर म्हणाले, तपासण्या सगळ्या ठीक आहेत, त्यांचं मन लागत नाही. मन लागण्याचं औषध कुठल्या दुकानात मिळतं ते काही ते म्हणाले नाहीत. माझी माय डोळ्यांदेखत विझत चालली होती आणि मला फार भीती वाटत होती.

एकदा मी आप्पांचं काम करून बघितलं. सिनेमा लावला, वाक्यं अहिराणीतून सांगू लागले. शेवटी म्हातारा मरतो, तिथे मी म्हटलं, “तो सुरतले गया, माय.” आणि मलाच रडू आलं.

“ऱ्हाऊ दे पोर,” माय म्हणाली. “लबाडी करनारानी रडू नही. तुले नही जमत.” आणि उठून आत गेली. त्यानंतर मी तिला पुन्हा कधी आग्रह केला नाही.

आता त्या रविवारची गोष्ट. वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या आणल्या होत्या. माय दाराशी बसून देठं खुडत होती, नेहमीसारखी टीव्हीकडे पाठ, तोंड अंगणाकडे. तिला त्रास नको म्हणून मी कानाला हेडफोन लावले होते, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. सिनेमा अगदी नवा, कुठल्याशा बेटावरचा. दोन म्हाताऱ्या बहिणी. धाकटी आजारी, तिला मरायच्या आधी दीपगृह बघायचंय, म्हणून मोठी सत्तरीत स्कूटर शिकते. मी रमले होते. मोठी धाकटीला मागे बसवून स्कूटर सरळ एका भाजीच्या दुकानात घुसवते, तिथे मला हसू आलं.

आणि माझ्या मागून मायचं हसू आलं.

मी हेडफोन काढले. वर्षभरात मी ते हसू ऐकलं नव्हतं. माय तशीच पाठमोरी, हातात मिरची, खांदे हलतायत. “पाडी ना धाकलीले!” ती स्वतःशीच म्हणाली. “सखूले काय गाडी ई?”

मला वाटलं, अंगणात कुणी पडलं. डोकावून पाहिलं तर अंगणात वाळत घातलेली गोधडी आणि ऊन. मी परत येऊन बसले, पण आता माझं लक्ष सिनेमात थोडंच होतं? पडद्यावर बहिणी एका बंद फाटकापाशी थांबल्या. सगळं शांत.

“आते कुत्रं ई,” माय म्हणाली. “नही हो, मी नही भिवाव.”

आणि फाटकावर धाडकन कुत्रं आलं. मी केवढ्याने दचकले! मायने शांतपणे पुढची मिरची उचलली.

तुमच्या शंका मला पाठ आहेत, कारण दुसऱ्यांच्या धाग्यावर त्या मीच काढते. आरसा? बैठकीत आरसा नाही. हेडफोनमधून आवाज बाहेर येत असेल? आला तरी त्या बेटावरची भाषा मलाही कळत नाही, मायला काय कळणार. जाहिरात आधी पाहिली असेल? मी नंतर दोनदा तपासली, तिच्यात कुत्रं नाही. आणि सगळं सोडा – ‘सखू’ हे नाव कुठून आलं?

शेवटाला मोठी स्कूटर चालवत दीपगृहापाशी पोचते. मागे धाकटीचं डोकं तिच्या पाठीवर टेकलेलं आहे. मोठीला कळलंय, पण ती मागे वळून बघत नाही. नुसती समोर दिवा बघत राहते. धाकटी गेलेली असते. फार सुंदर घेतलंय ते. मी मात्र पडद्याकडे नाही, मायच्या पाठीकडे बघत होते.

तिचा हात थांबला. मान किंचित डावीकडे कलली, जशी कोचावर आप्पांकडे कलायची.

“दमी गई बिचारी,” ती म्हणाली. “बठी बठी झोपी गई. झोपू दे.”

मी तिच्याजवळ जाऊन बसले. “माय, तुले कोनी सांगं हाई?”

“कोन सांगी?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की वेडी मीच. “त्याच सांगतस ना. तुन्हा आप्पा.”

“पन माय, हाऊ सिनेमा औंदाना शे. आप्पा गयात तवय हाऊ बनेलबी नव्हता.”

“मंग? त्या पहिले एकलाच देखी लेतस. माहीत नही का तुले?”

त्या संध्याकाळी माय पूर्ण भाकरी जेवली, वर मिरचीचा ठेचा मागून घेतला. तिचं रिकामं ताट बघितलं आणि मी आत जाऊन मनसोक्त रडले, आनंदाने. मला त्या क्षणी कारण नको होतं, अजूनही फारसं नको आहे.

पुढच्या रविवारी मायने आपली जागा परत कोचाजवळ नेली. आप्पांची कडेची जागा मोकळी ठेवली. “लाव काहीतरी,” म्हणाली. मी एक सिनेमा काढला, मीही न पाहिलेला. चित्रावर नुसती एक पिवळी सायकल, भिंतीला टेकलेली. सुरू करणार तेवढ्यात मायने माझा हात धरला.

“हाऊ नको लावू.”

“कसाले वं?”

ती रिकाम्या जागेकडे बघत थोडा वेळ ऐकत राहिली. मग पदराने डोळे पुसले, पण चेहरा शांत होता. “त्या सांगतस... यान्हा शेवट त्यास्ले बदलता उना नही.”

आम्ही दुसरा लावला. पोट धरून हसायचा होता, माय हसली.

पिवळ्या सायकलचा सिनेमा मी नंतर एकटीने पाहिला. त्यात एक म्हातारा असतो. बायकोसाठी रोज काही ना काही थाप मारून तिला हसवत असतो. तो जातो आणि म्हातारी मागे राहते. एवढीच गोष्ट. दर महिन्याला इथे चार-पाच सिनेमांवर मतं ठोकणाऱ्या मला या एकावर काही म्हणता येत नाहीये, आणि बाकी जे घडलं त्याचा उलगडा तर मुळीच झालेला नाही. फक्त आता रविवारी मी सिनेमा सुरू करण्याआधी थोडी थांबते. माय “लाव” म्हणाली, की लावते.