घड्याळजींची शपथ

आमच्या गल्लीतल्या घड्याळजींना जेवायला बोलावून कुणी सुखी झालेलं नाही. त्यांच्या ताईनं एकदा हौसेनं विचारलं, "मीठ बरोबर पडलंय ना रे?" तर हे म्हणाले, "माझ्या घासात बरोबर आहे. पातेल्यातलं माहीत नाही." ताईनं पातेलंच उचलून नेलं. असा हा माणूस. आणि नेमकी त्याच्याच साक्षीवर ताईची खोली अडकली!

ताई शिवणकाम करायची, घड्याळजींच्या दुकानासमोरच्या घरात एका खोलीत भाड्यानं राहायची. ती दवाखान्यात गेली असताना घरमालकानं कुलूप फोडलं, शिलाई मशीन व्हरांड्यात काढलं आणि वर म्हणाला, बाई स्वतःहून खोली सोडून गेल्या. कुलूप फुटताना पाहणारे एकटे घड्याळजी. त्या दिवसापासून ताई त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर झोपायची आणि रोज बजावायची, "नीट सांग बरं का!"

ताईनं दावा लावला. साक्षीच्या दिवशी कोर्टात अर्धी गल्ली जमली होती. मीही होतो, असली करमणूक मी कधी चुकवत नाही. कारकून म्हणाला, "म्हणा, ईश्वराला स्मरून खरं सांगेन."

"ईश्वर म्हणजे काय?" घड्याळजींनी विचारलं.

कारकुनानं वर बोट दाखवलं. "अहो, तो... वरचा."

"किती वर?"

लोक हसले. ताईचे वकील घाईनं म्हणाले, "जो सगळीकडे असतो तो!"

"मग तो त्या दिवशी व्हरांड्यातही असणार. त्यालाच बोलवा की साक्षीला."

घरमालकाचे वकील उठले. "ज्याची धास्ती वाटते तो ईश्वर. आलं लक्षात?"

"म्हणजे ताईचा ईश्वर तुमच्या शेजारीच बसलाय."

न्यायाधीशबाईंनी हसू दाबलं. "ईश्वर मानत नसाल तर नुसती प्रतिज्ञा करा. कायद्यात तीही सोय आहे."

"मानत नाही, असं कुठे म्हटलं? तेही मला माहीत नाही, बाईसाहेब."

मागून ताई कडाडली, "अरे मेल्या, म्हण की काहीतरी! खोली जाईल माझी!"

"ताई, पहिलंच वाक्य न कळता बोललो, तर पुढच्यावर कुणी का विश्वास ठेवावा?"

बाईंनी चष्मा काढला. "शपथ नाही, प्रतिज्ञा नाही, तर साक्ष घेता येणार नाही. आणि साक्ष नाही तर तुमच्या बहिणीच्या बाजूनं काहीच उरत नाही. काय करता?"

घड्याळजींनी कपाळावरचा घाम पुसला. ते म्हणाले, "ईश्वर म्हणजे काय ते मला सांगता येत नाही, इथल्या कुणालाही सांगता आलं नाही. असेल तर त्यानं ऐकावं. नसेल तर तुम्ही ऐकताच आहात. पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगेन. खोटं निघालं तर शिक्षा द्या."

"घ्या लिहून," बाई म्हणाल्या.

"कुठल्या रकान्यात? शपथेच्या की प्रतिज्ञेच्या?" कारकून रडकुंडीला आला.

"दोन्हींच्या मध्ये."

मग घड्याळजी बोलले. पहिला घाव फक्त ऐकला. दुसरा आणि तिसरा पाहिला. हातोडा मालकाच्याच हातात होता. ताईच्या चेहऱ्यावर जीव आला. तेवढ्यात घरमालकाच्या वकिलांनी विचारलं, "खोली सोडण्याबद्दल तुमच्या ताई कधी काही बोलल्या होत्या?"

"हो. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मालकाला ओरडून म्हणाली, असल्या बिळात मी एक दिवसही राहणार नाही."

ताईनं कपाळावर हात मारला. आम्हीही. संपलं सगळं!

पण निकालात न्यायाधीशबाईंनी लिहिलं, की सख्ख्या बहिणीला अडचणीत आणणारं वाक्यही ज्यानं गिळलं नाही, त्यानं हातोड्याबद्दल खोटं सांगितलं असं मानायला आधार नाही. भांडणात रागानं बोलणं म्हणजे खोली सोडणं नव्हे. खोली ताईची.

निकालाच्याच संध्याकाळी बहीणभाऊ मशीन उचलून आत नेत होते. मी मुद्दाम काडी टाकली, "काय ताई, भावानं वाचवली म्हणायची खोली!"

"भावानं? तो तर घालवायलाच निघाला होता! देवानं वाचवली."

मी घड्याळजींकडे पाहिलं. मशीनची जड बाजू त्यांच्याकडे होती.

"असेल," ते धापा टाकत म्हणाले. "ताई, उंबरठा आहे. पाय उचल."